फ्लेमिंगोंच्या छायाचित्रणासाठी भरतीची वेळ तिथीवरून काढा

नेरूळ-सीवूड्स परिसरातील पाणथळ जागांवर कॅमेरा घेऊन जावे आणि फ्लेमिंगो दूर खाडीतच असावेत, असे अनेकदा घडते. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलात ते खाद्य शोधत पांगलेले असतात. भरतीचे पाणी चढू लागले की विश्रांतीसाठी या पाणथळ जागांकडे येतात. त्यामुळे जाण्याचा दिवस सुट्टी पाहून नव्हे, भरती पाहून ठरवावा.

त्यासाठी कोकण किनाऱ्यावरचा जुना हिशेब पुरतो. दिनदर्शिकेतील तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते, मग पक्ष शुद्ध असो वा वद्य. दशमीला दहाची पाऊणपट साडेसात, म्हणजे सकाळी आणि रात्री साडेसातच्या सुमारास भरती. (पाऊणकी पाठ असलेल्या पिढीला कागदही लागत नसे.) सकाळच्या कोवळ्या उन्हासाठी नवमी ते एकादशी, तर संध्याकाळच्या तिरप्या प्रकाशासाठी पंचमी-षष्ठी हे दिवस सोयीचे ठरतात. पौर्णिमा-अमावास्येला भरती भर दुपारी येते आणि त्या प्रकाशात गुलाबी रंग फिका उतरतो, म्हणून छायाचित्रणापुरते ते दिवस सोडून द्यावेत. भरतीच्या तासभर आधी जागेवर पोहोचल्यास थव्यांचे उतरणेही टिपता येते.

हा अंदाज अर्ध्या-पाऊण तासाने चुकू शकतो आणि खाडीत आतवर पाणी आणखी उशिरा चढते, म्हणून आदल्या रात्री भरती-ओहोटीचे अधिकृत वेळापत्रक पाहून घ्यावे. जवळचे छायाचित्र मिळावे म्हणून चिखलात मात्र उतरू नये. पाय रुततो, शिवाय थवा उडून जातो.