अंथरुणाला खिळलेल्या माणसाची घरी सेवा: कूस, घास आणि प्रार्थना

घरात कुणी अंथरुणाला खिळलं की ख्रिस्ती घरातल्या बाईला दोन काळज्या एकदम लागतात: सेवेत कसूर होऊ नये आणि प्रार्थना सुटू नये. दोन्हींसाठी वेगवेगळा वेळ काढायला गेलं तर दोन्ही अर्धवट राहतात. त्यापेक्षा प्रार्थना सेवेच्या वेळापत्रकातच बसवावी. ते वेळापत्रक कूस बदलण्यावर ठरतं, म्हणून सुरुवात तिथून.

ज्याला स्वतःहून हलता येत नाही त्याची कूस साधारण दर 2 तासांनी बदलावी लागते. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दाबली गेली की तिथला रक्तपुरवठा तुटतो आणि जखम आतून सुरू होते. माकडहाड, खुबे, टाचा, घोटे, कोपर आणि डोक्याची मागची बाजू या जागा रोज उजेडात बघा. लाल डाग दिसला तर त्यावर बोट 3 सेकंद दाबून उचला. डाग क्षणभर पांढुरका होऊन पुन्हा लाल झाला तर रक्त अजून खेळतं आहे. लाल तो लालच राहिला तर जखमेची सुरुवात झाली आहे. त्या बाजूवर भार अजिबात देऊ नका आणि डॉक्टरांना कळवा. सावळ्या कातडीवर लाली कळत नाही. तिथे हाताच्या पाठीने चाचपा: आजूबाजूपेक्षा गरम, टणक किंवा पिचपिचीत लागतं का, दुखतं का. अशा जागी चोळू नका. प्रेमापोटी तेल लावून रगडलं जातं आणि आतली नाजूक कातडी आणखी फाटते. मधे भोक असलेली गोल उशीही नको, तिच्या कडेने रक्त अडतं.

कूस वळवताना उचलायचं नसतं, लोळवायचं असतं. ज्या बाजूला वळवायचं त्या बाजूला उभ्या राहा. पलीकडचा हात छातीवर आणा, पलीकडचा गुडघा वाकवा, मग एक हात खांद्यामागे आणि एक खुब्यामागे ठेवून आपल्याकडे घ्या. पक्षाघात झालेला असेल तर लुळा हात धरून कधीही ओढू नका, खांदा दुखावतो. पूर्ण कुशीवर ठेवलं तर सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. म्हणून पाठीमागे उशी देऊन साधारण 30 अंश कललेलं ठेवा. जमलं की नाही हे बघायला माकडहाडाखाली तळहात सरकवा, तो मोकळा जायला हवा. पोटरीखाली लांबीत उशी घाला म्हणजे टाचा अधांतरी राहतात. वर सरकवायचं असेल तर खांद्यापासून मांडीपर्यंत पोहोचेल अशी दुमडलेली चादर कायम अंगाखाली असू द्या आणि दोघींनी दोन्ही कडांना धरून उचला. एकटीने काखेत हात घालून ओढलं की त्यांची कातडी सोलते आणि तुमची कंबर जाते.

कूस बदलून झाली, चादरीची सुरकुती काढली, की हात हातात असतोच. तीच प्रार्थनेची वेळ. दोन मिनिटं पुरतात. बायबलमधल्या स्तोत्र 23 ची सहा वचनं, 121 ची आठ, 117 ची तर दोनच. दिवसाच्या प्रत्येक पाळीला एक ठरवून टाका. आधी विचारा, "प्रार्थना करू का?" आणि नको म्हटलं तर नुसत्या बसा. विस्मरण झालेल्यांना नवी प्रार्थना उमगत नाही, पण लहानपणी पाठ केलेली प्रभूची प्रार्थना किंवा जुनं गीत बऱ्याचदा ओठांवर येतं. हळू म्हणा, मधे थांबा, पुढचा शब्द त्यांना म्हणू द्या. रात्री मात्र झोप मोडून मोठ्याने वाचू नका.

भरवताना डोकं आणि पाठ सरळ, हनुवटी किंचित खाली. घास लहान, आधीचा गिळल्याशिवाय पुढचा नाही. जेवणानंतर निदान अर्धा तास तसंच बसतं ठेवा, पण एरवी गादीची डोक्याची बाजू 30 अंशांपेक्षा जास्त उंच नको. माणूस खाली घसरतो आणि माकडहाडावरची कातडी ओढली जाते. वारंवार ठसका लागणं, घोटानंतर आवाज ओला, घरघरता होणं ही घास श्वासनलिकेत जात असल्याची चिन्हं आहेत. अशा वेळी भरवणं थांबवून डॉक्टरांना विचारा. प्रभुभोजन (प्रभूच्या आठवणीत घेतली जाणारी भाकर आणि द्राक्षरस) घरी देण्याआधीही पाळकांना हे सांगून ठेवा, म्हणजे काय आणि किती द्यायचं हे ते आधीच ठरवतील. तोंड दिवसातून दोनदा स्वच्छ करा, कवळी रात्री काढून ठेवा.

अंग पुसताना पाणी कोपराने तपासा. सुरुवात चेहऱ्यापासून, गुप्तांग शेवटी, आणि बाईचं पुढून मागे पुसायचं, नाहीतर लघवीच्या मार्गात जंतू जातात. जेवढं पुसायचं तेवढंच उघडं, बाकी अंग झाकलेलं. लाज आजारपणातही तेवढीच असते.

मंडळीतल्या (चर्चमधल्या) लोकांच्या भेटींना 15 ते 20 मिनिटांची मर्यादा घाला. बायबलमधल्या दुःखी ईयोबाचे मित्र सात दिवस गप्प बसले तोवर त्याला आधार होता. समजावायला लागले आणि सगळं बिघडलं. "विश्वास कमी पडतोय" असं खाटेशी कुणाला बोलू देऊ नका, आणि प्रार्थना झाली म्हणून कुणाच्याही सांगण्यावरून गोळ्या बंद करू नका. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना बोलावून तेल लावून प्रार्थना करायला सांगितलं आहे, तिथे औषध सोडायला सांगितलेलं नाही. आजाराचा तपशील प्रार्थनासभेत मांडण्याआधी आजाऱ्याची परवानगी घ्या. अचानक भ्रम, ताप, धाप, किंवा एकाच पायाला सूज आली तर भेटी बाजूला ठेवून डॉक्टर गाठा.

राहिली सेवा करणारी. थकून गेलेल्या एलीया संदेष्ट्याला देवदूताने दोनदा जेवू घातलं, मधे तो पुन्हा झोपला, आणि मग पुढचा प्रवास सुरू झाला. तेव्हा कुणी "काही लागलं तर सांगा" म्हणालं की तिथल्या तिथे वार आणि वेळ मागा: "मंगळवारी दुपारी दोन ते चार बसाल का?" खाटेशी एक वही ठेवा, शेवटची कूस कोणती आणि किती वाजता, काय खाल्लं, लघवी झाली का, कोणती गोळी दिली, आणि पुढच्या पाळीचं स्तोत्र. येणाऱ्या बाईला वही दाखवा, कूस एकदा तिच्यासमोर बदलून दाखवा, आणि त्या दोन तासांत झोपा. कपडे धुवायला बसू नका.