होडी कागदावर उतरवताना : किनाऱ्यावरच्या संग्रहालयासाठी चित्रकारांनी काय करावे

किनाऱ्यावरच्या लहान संग्रहालयाला आपण काय द्यावे, असे तरुण चित्रकार मला विचारतात. माझे उत्तर ठरलेले आहे. तुमच्या गावातल्या एका लाकडी होडीचे मोजून काढलेले रेखाटन द्या. समुद्राची चित्रेही काढा, ती भिंतीवर हवीतच. पण संग्रहालयाला आज घाईने हवी आहे ती अशी नोंद, जी समोर ठेवून पन्नास वर्षांनी एखादा मेस्त्री तीच होडी पुन्हा बांधू शकेल.

मालवण तालुक्यातल्या शाळेत मी चित्रकला शिकवली. माझ्या लहानपणी काथ्याने शिवलेल्या फळ्यांच्या होड्या आणि एका बाजूला उलांडी, म्हणजे तोल सांभाळणारा तरंगता ओंडका, बांधलेल्या पाती (लहान होड्या) पुळणीवर ओळीने लावलेल्या असत. आता बहुतेक होड्या फायबरच्या आहेत. फायबर हलके असते, त्याला दरवर्षी तेल पाजावे लागत नाही, त्यामुळे मच्छीमारांनी ते घेतले यात गैर काहीच नाही. पण बाजूला सारलेली लाकडी होडी माडाखाली पडून राहते, पावसाळे खाते आणि शेवटी चुलीत जाते. दोन खोल्यांच्या संग्रहालयात ती मावत नाही, अंगणात ठेवली तर वाळवी लागते. अशा वेळी कागद हाच तिचा निवारा.

हे काम पूर्वीच्या कलाकारांनीही केले आहे. बोरिवलीजवळ एकसरला वीरगळ आहेत, त्यांवर वल्ह्यांच्या जहाजांची लढाई कोरलेली आहे. त्या पाथरवटाने नाळेचा, म्हणजे पुढच्या टोकाचा, उंच बाक आणि वल्ह्यांची रांग नीट पाहून कोरली, म्हणून मध्ययुगातल्या आपल्या जहाजांविषयी आज काही बोलता येते. फ्रांस्वा-एदमों पारीस हा फ्रेंच नौदल अधिकारी तर त्याच्याही पुढे गेला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जगभर फिरताना तो तिथल्या तिथल्या नौकांची मापे घेत गेला, त्यात आपली फतेमारी हे शिडाचे मालवाहू गलबतही आले. पुढे १८७१ मध्ये तो पॅरिसच्या नौदल संग्रहालयाचा प्रमुख झाला आणि आपल्याच रेखाटनांवरून त्याने नौकांच्या प्रतिकृती करवून घेतल्या. रेखाटन करताना ही कसोटी डोळ्यांसमोर ठेवा : यावरून कुणाला होडी बांधता येईल का?

आधी माणूस, मग माप

वेळ नीट निवडा. आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते. मेच्या शेवटी होड्या वर ओढतात आणि झापांनी (माडाच्या विणलेल्या झावळ्यांनी) शाकारतात. ओढल्यानंतर आणि शाकारण्याआधी जे थोडे दिवस मिळतात, ते मापांसाठी उत्तम. दुसरी संधी नारळी पौर्णिमेच्या आधी. तेव्हा डागडुजी चालू असते, मेस्त्री हाताशी असतो आणि होडीचे पोट उघडे पाहायला मिळते.

होडीला हात लावण्याआधी मालकाच्या घरी जा. आपण कशासाठी आलो, कागद कुठे ठेवणार, कोण पाहणार हे सांगा. संग्रहालयाचे साधे पत्र बरोबर न्या. नाव छापायला चालेल का, हे वेगळे विचारा आणि उत्तर लिहून ठेवा. एक गोष्ट आवर्जून सांगते. समुद्रात मासळीच्या जागा ओळखायला जुने लोक जमिनीवरच्या खुणा जुळवतात, डोंगराचा अमुक कडा आणि देवळाचा कळस एका रेषेत आला की खाली खडप आहे, अशा. त्या खुणा म्हणजे त्या घराची मिळकत. त्यांनी आपणहून सांगितल्या, तरी ‘हे भिंतीवर लावू का?’ असे विचारल्याशिवाय कागदावर उतरवू नका.

ज्याने होडी बांधली किंवा चालवली, तो माणूस मोजणीच्या वेळी जवळ बसलेला हवा. तुम्ही रेघ ओढलीत की तो म्हणेल, ‘ह्यां असां नाय, बाई,’ आणि हाताने हवेत वळण काढून दाखवेल. ते वळण टिपा. भागांची नावे त्याच्या तोंडून येतील तशीच लिहा, पुस्तकी करू नका. रायगडच्या कोळ्यांकडे आणि आमच्या गाबितांकडे एकाच भागाला वेगळी नावे मिळतील. दोन्ही बरोबर. नावासमोर गाव लिहा, म्हणजे पुढच्या अभ्यासकाचा गोंधळ होणार नाही.

मोजणी

सामान फारसे लागत नाही. पाच मीटरची स्टीलची टेप, गवंड्याचा दोरा, ओळंबा, पाण्याची लेव्हल नळी, सरळ बांबू, खडू, आलेखाचा कागद. मदतीला दोघे हवेत, शाळेची मुले चालतील, ती या कामात फार रमतात.

प्रथम होडी आडवी समतल करा. एका बाजूला कललेली असेल तर खाली ओंडका सरकवून सरळ करा, नाहीतर पुढचे सगळे आकडे तिरके येतात. मग नाळेच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत होडीच्या बरोबर मध्यावरून दोरा ताणून बांधा आणि नळी लावून तो समपातळीत आणा. हा दोरा तुमचा पाया. त्यावर दर अर्ध्या मीटरला खूण करा. प्रत्येक खुणेवरून ओळंबा सोडून काठापर्यंतचे आणि आतल्या तळापर्यंतचे अंतर लिहा. त्याच खुणेपाशी मध्यापासून डाव्या काठापर्यंत आणि उजव्या काठापर्यंतची रुंदी वेगवेगळी मोजा. एक बाजू मोजून दुसरी तशीच असेल असे धरून चालू नका.

बाहेरचा फुगवटा मिळवायला बांबू होडीशेजारी ओळंब्यात उभा करा आणि जमिनीपासून दर दहा सेंटीमीटरला बांबूपासून फळीपर्यंतचे आडवे अंतर घ्या. नाळेजवळ, मध्यावर आणि मागे असे निदान तीन ठिकाणी करा. नाळेजवळ होडीचा आकार भराभर बदलतो, तिथे खुणा जवळजवळ घ्या.

आता चित्रकाराच्या हाताविषयी. आपला हात रेघेला देखणे करायला धावतो. वळण ओढताना तो आकड्यांमधला उंचसखलपणा गिळून टाकतो आणि दोन्ही बाजू सारख्या करतो. हाताने बांधलेली होडी अशी नसते. एका बाजूला उलांडी असलेल्या पातीत तर डावे-उजवे सारखे असेलच असे नाही, आणि तो फरक मुद्दाम ठेवलेलाही असू शकतो. म्हणून आधी ठिपके द्या, सगळे ठिपके जोडा, आणि एखादा ठिपका रेघेबाहेर पडतोय असे वाटले तर पुन्हा होडीपाशी जाऊन मोजा. होडीनेच सांगितले तर वाकडे राहू द्या.

तीन आकृत्या लागतात : बाजूने, वरून आणि आडवे छेद. १:१० हे प्रमाण सोयीचे. कागदावर आकड्यातले प्रमाण लिहून थांबू नका, मीटरची पट्टी काढा. झेरॉक्स लहान-मोठी झाली तरी पट्टी तिच्याबरोबर लहान-मोठी होते. मेस्त्री हात, वीत आणि बोटांत सांगेल, ते माप मीटरच्या शेजारी लिहा. होडी कोणत्या मापाने विचार करून बांधली, हे त्यातून कळते.

यानंतर जवळून पाहण्याचे काम, आणि इथे कॅमेऱ्यापेक्षा चित्रकार जास्त उपयोगी. शिवलेल्या होडीचा वीतभर टाका खऱ्या आकारात काढा. भोके एकमेकांपासून किती अंतरावर, काथ्याचा सुंभ किती पेडी, टाक्याखाली फटीवर दाबून बसवलेली गादी कशाची, सुंभ आत कसा आणि बाहेर कसा फिरतो. फोटोत हे सगळे तेलकट काळ्या डागासारखे दिसते, पेन्सिलीने ते उलगडून दाखवता येते. उलांडीची बांधणी दोर कसा कसा वेढला जातो त्या क्रमाने, चार-पाच लहान चौकटींत दाखवा. लाकडांची नावे विचारा. उलांडीला पांगाऱ्यासारखे हलके लाकूड लागते, तळासाठी आंब्याचे खोड वापरल्याचे ऐकायला मिळेल. होडीच्या अंगाला उंडीचे तेल लावत की काजूच्या टरफलाचे, की माशाच्या यकृताचे, तेही लिहा. पन्नास वर्षांनी कुणी होडी बांधायला घेतली तर हीच माहिती आधी लागेल.

जाळ्यांनाही हेच लागू. डोळ्याचा आकार मोजा, गाठ काढा, बुडीद (जाळे बुडवणारी वजने) आणि तरंगणारे तुकडे कशाचे ते नोंदवा. नायलॉनपूर्वीची सुती किंवा तागाची जाळी ऐनाच्या सालीत किंवा चिंचोक्याच्या टरफलात रंगवत. असा तपकिरी तुकडा कुणाच्या माळ्यावर मिळाला तर संग्रहालयासाठी मागून घ्या.

रापण, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचे मोठे जाळे, एका चित्रात मावत नाही. होडी अर्धवर्तुळ घेत जाळे सोडते, दोन टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावर येतात, दोन रांगा ओढत ओढत जवळ येतात, मग मासळीचे वाटे. याला आपल्याच सिंधुदुर्ग जिल्ह्यात उत्तम वाट आहे. पिंगुळीच्या ठाकरांची चित्रकथी एका पानावर एक प्रसंग मांडते आणि पान बदलत कथा पुढे नेते. रापणही तशी पानांत मांडा, प्रत्येक पानावर आतले आवाज, आरोळ्या, कोण कुठे उभा ते लिहा. त्याच पिंगुळीत परशुराम गंगावणे यांनी घरच्या गोठ्यात संग्रहालय उभे केले आणि २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कलाकाराने मनावर घेतले तर संग्रहालयाला मोठी इमारतही लागत नाही, हे तिथे जाऊन पाहता येते.

कोकणातला कागद

आमच्याकडे पावसात चपलेवरही बुरशी येते, कागदाची काय कथा. म्हणून सामान विचाराने घ्या. सुती चिंध्यांचा हातकागद किंवा आम्लरहित कागद वापरा. रेघ पेन्सिलीने काढा, ग्राफाइट उडत नाही. शाई हवी तर रंगकणांची, पाण्याने न फुटणारी. स्केचपेन आणि बॉलपेन टाळा, उजेडात ती फिकी पडतात. लॅमिनेशन अजिबात नको. त्यात एकदा गेलेला कागद सुखरूप बाहेर काढता येत नाही. सेलोटेपही नको, काही वर्षांत चिकट पिवळा पट्टा तेवढा उरतो.

कागद आडवे, सपाट ठेवायचे, गुंडाळायचे नाहीत. बाहेरच्या भिंतीला टेकलेले कपाट नको, ओल तिथूनच येते. हवेतली आर्द्रता पासष्ट टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरायला लागते. साधा आर्द्रतामापक स्वस्तात मिळतो, तो कपाटात ठेवा आणि पावसाळ्यात आठवड्यातून एकदा कागद उघडून पाहा. बुरशी दिसली तर तो कागद आधी बाकीच्यांपासून वेगळा करा, ओल्या फडक्याने पुसू नका, सावलीत वाऱ्यावर पूर्ण सुकू द्या आणि मगच मऊ ब्रशने झटका. नाक-तोंड बांधून.

काढल्याच्या आठवड्यात स्कॅन करा, टिफ फाइल ठेवा आणि एक प्रत दुसऱ्या गावी राहू द्या.

देताना

प्रत्येक कागदाच्या मागे, कडेला, मऊ पेन्सिलीने लिहा : होडीचा प्रकार, गाव, तारीख, कोणी मोजली, कोणी सांगितले, होडी कधी आणि कोणी बांधली. संग्रहालय आपला नोंदक्रमांक घालेल, तो तुमच्या वहीतही उतरवा. क्रमांक नसलेला कागद पुढच्या व्यवस्थापकाच्या लेखी रद्दीच असतो.

दानपत्र करा, एक पान पुरते. कागद देणे आणि छापण्याचा हक्क देणे या वेगळ्या गोष्टी आहेत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क द्यायचा तर लेखी, सहीनिशी द्यावा लागतो. त्यात मुदत लिहिली नाही तर पाच वर्षे धरतात, प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरता. तेव्हा संग्रहालयाला पत्रिका छापायची आहे, पोस्टकार्डे विकायची आहेत की फक्त दाखवायचे आहे, ते आधी बोलून लिहा. मी स्वतः सगळे हक्क दिले, पण तरुण कलाकारांनी तसे केलेच पाहिजे असे मी म्हणणार नाही. त्यांना पोट आहे.

किनाऱ्यावर फिरताना जुना नांगर, तोफेचा गोळा, खापरे दिसतील. उचलून संग्रहालयात आणू नका. जागेवरच शेजारी मोजपट्टी ठेवून रेखाटा, जागेची खूण लिहा आणि महसूल व पुरातत्त्व खात्याला कळवा. जमिनीत पुरलेली, दहा रुपयांहून जास्त मोलाची जुनी वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे १८७८ च्या कायद्याने बंधनकारक आहे. सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग हे केंद्राने संरक्षित केलेले किल्ले, तिथे तिपाई लावून काम करायचे तर आधी परवानगी काढा.

रेखाटनाची एक चांगली प्रत होडीच्या मालकाला चौकटीत घालून द्या. मग संग्रहालयात ते भिंतीवर लावायच्या आधी एक दिवस गावातल्या जुन्या मंडळींना बोलवा, कागद टेबलावर पसरा आणि पेन्सिल त्यांच्या हातात द्या. ते नावे सुधारतील, दोर चुकीच्या बाजूने वेढला आहे म्हणतील, दोघांत वादही होईल. मूळ कागदावर खाडाखोड करू नका. वर पारदर्शक ट्रेसिंग कागद ठेवून त्यावर दुरुस्त्या उतरवा, कोणी काय सांगितले ते लिहा, तारीख घाला, आणि तो कागद मूळ रेखाटनाच्याच नोंदक्रमांकाखाली जोडून ठेवा.