शँटिली लेस: घेताना आणि शिवताना या चुका टाळा

जाळीवर फुलं दिसली की कापडबाजारात तिला सरसकट ‘शँटिली’ म्हणून मोकळं होतात. ऑर्डरमध्ये नुसतं ‘फ्रेंच लेस’ लिहिलंत तर हातात काहीही पडेल, आणि चूक कळते ती कात्री चालवल्यावर.

शँटिली हे पॅरिसच्या उत्तरेचं गाव. त्याच्या नावाची लेस मुळात रेशमी, बहुधा काळी. उशीवर टाचण्या टोचून, लाकडी बॉबिनवरचे दोरे एकमेकांत पिळून विणलेली. आज मीटरवर मिळते ती यंत्राची. उत्तर फ्रान्समधल्या कॅले आणि कॉद्री या गावांतल्या, लेस विणणाऱ्या लीव्हर्स मागांवरचा माल सर्वांत नाजूक.

ओळखायचं कसं? नक्षीच्या कडेवरून बोट फिरवा. शँटिलीत ही कड सपाट, न पिळलेल्या दोऱ्याची असते, हाताला जेमतेम लागते. उंच, टणक दोरी लागली तर ती आलाँसाँ या दुसऱ्या फ्रेंच लेसच्या धर्तीची. जाळीच नाही आणि फुलं दोऱ्याच्या आडव्या-तिरप्या पुलांनी जोडलेली आहेत, तर गिप्यूर. विक्रेता ‘हाताची आलाँसाँ’ म्हणाला तर मान डोलावू नका. २०१०मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेल्या त्या सुईकामात एका चौरस सेंटिमीटरला सुमारे ७ तास लागतात. ती थानातून कापून मिळत नाही.

सर्वांत महाग चूक दिशेची. कंगोरे लेसच्या लांब किनारीला असतात, म्हणजे ते घेरावर हवे असतील तर लेस आडवी लावावी लागते आणि तिचा पन्हा, म्हणजे रुंदी, हाच स्कर्टची उंची ठरतो. वसई-गोव्यात लग्नाचे गाऊन शिवणाऱ्यांना हे पाठ असतं. कमरेपासून जमिनीपर्यंत १०५ सेंमी हवेत आणि पन्हा ९० सेंमी, तर कंगोऱ्यांची पट्टी फुलांच्या कडेने कापून वेगळी लावा. घेर गोल असेल तेव्हाही हेच: सरळ किनार गोलाईवर बसत नाही. पट्टीच्या वरच्या बाजूला फुलांच्या मधून काप द्या, कडा एकमेकींवर चढवा, हाताने टाका.

दुसरी चूक, बाजूची शिलाई साध्या कापडासारखी घालणं. फूल मधोमध तुटतं आणि आतली दाब (शिलाईपलीकडचं जादा कापड) पारदर्शक जाळीतून दिसते. त्याऐवजी:

१. दोन्ही तुकड्यांवर शिलाईची रेघ रंगीत दोऱ्याच्या कच्च्या टाक्याने घ्या. जाळीवर खडू टिकत नाही.
२. वरच्या तुकड्याला रेघेपलीकडे ३ ते ५ सेंमी नक्षी राखा आणि फुलांच्या कडेने कापा.
३. रेघेवर रेघ ठेवून टाचा. मग रेघेवरून नव्हे, फुलांच्या कडेने हातटाका घाला किंवा १ ते १.५ मिमी रुंद झिगझॅग मारा.
४. खालचा जादा भाग शिलाईपासून २ मिमी ठेवून छोट्या टोकदार कात्रीने कापा.

यासाठी दोन्ही तुकड्यांची फुलं जुळायला हवीत. म्हणून खरेदी करतानाच नक्षी किती सेंटिमीटरवर पुन्हा येते ते मोजा आणि जुळवायच्या प्रत्येक तुकड्यामागे तेवढी लेस जास्त घ्या. हिशेबात हीच लांबी नेमकी विसरली जाते.

मशीन जाळी गिळत असेल तर दोष बहुधा जाड सुईचा आणि सुईखालच्या रुंद भोकाच्या प्लेटचा. ६०/८ किंवा ६५/९ नंबरची सुई, २ ते २.५ मिमी टाका, लेसखाली पातळ टिश्यू कागद. सुरुवातीला दोन्ही दोऱ्यांची टोकं हाताने मागे धरा. उलट टाका मारू नका, गाठ बांधा. उलट टाक्याने जाळीला ढेकूळ येतं.

किनारीचे बारीक केस सुटलेले दोरे समजून छाटणारे कारागीर भेटतात. ते केस मुद्दाम ठेवलेले असतात, त्यांनाच ‘पापण्या’ म्हणतात. कापायला देतानाच बजावा. (नकली लेसलाही हल्ली पापण्या असतात, त्यामुळे अस्सलपणाचा पुरावा म्हणून त्यांच्याकडे पाहू नका.)

इस्त्री उलट बाजूने, खाली जाड टॉवेल, वर सुती कापड. नायलॉन मिसळलेल्या लेसला सर्वांत कमी आच, आणि आधी कोपऱ्यावर चाचणी. इस्त्री घासू नका. उचलून ठेवा, नाहीतर जाळी तिरकी ओढली जाते.