पावसाळ्यात गोव्यात नॅनोफायबर काढायचे तर

इलेक्ट्रोस्पिनिंगचं मशीन सुईतून येणाऱ्या पॉलिमरच्या द्रावणाला जास्त व्होल्टेज देऊन त्याचे अतिबारीक धागे ओढतं; आपल्याला त्या धाग्यांत कॅन्सरचं औषध भरायचंय. मशीनला हात लावण्याआधी ठरवा, औषध सुटायला कुठं हवं? रक्ताचा पीएच 7.4, कॅन्सरच्या गाठीच्या आसपासचा साधारण 6.5 ते 6.9. गाठीवर ठेवायच्या पट्टीला आम्लात फुगणारं पॉलिमर लागतं, जसं कायटोसान. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी तोंडावाटे द्यायचं असेल तर गणित उलटं: जठरात गप्प बसणारं, पीएच 7 च्या वर विरघळणारं युड्रॅजिट एस-100. मुलं इथंच गल्लत करतात आणि मग मला विचारतात, “मॅडम, रिलीज का येत नाही?”

मी एस-100 आणि 5-फ्लुरोयुरॅसिल या कॅन्सरवरच्या औषधाचं सांगते. औषध आधी डायमिथाइल-अ‍ॅसिटमाइडमध्ये विरघळवा, मग इथेनॉल आणि पॉलिमर. इथेनॉल आठ भाग, अ‍ॅसिटमाइड दोन. पॉलिमर बारा टक्क्यांच्या आसपास. रात्रभर स्टररवर राहू दे. सुरुवातीला 15 किलोव्होल्ट, सुई ते समोरची फॉइल 15 सेंटिमीटर अंतर, द्रावण तासाला 1 मिली. पण पहिला घाणा औषधाशिवाय काढा. सूक्ष्मदर्शकाखाली धाग्यांत मणी ओवल्यासारखे दिसले तर द्रावण पातळ आहे.

आता आपल्या पणजीची हवा. जुलैत इथं मीठसुद्धा पाझरतं. युड्रॅजिटला पाणी सोसत नाही: दमट हवेत सुईच्या टोकाशीच पांढरी गाठ धरते, धार तुटते आणि फॉइलवर थेंब उडतात. व्होल्टेज वाढवून काही होत नाही, सगळे तेच करून बघतात. डीह्युमिडिफायर आदल्या संध्याकाळीच लावा, आर्द्रता 40-50 टक्क्यांवर आणा, आणि मापक भिंतीवर नको, चेंबरच्या आत ठेवा. गाठ पुसायची तर आधी वीजपुरवठा बंद, मग सुई अर्थिंगच्या दांडीनं डिस्चार्ज, मगच हात. औषध पेशी मारणारं आहे, म्हणून नायट्राइलचे दुहेरी हातमोजे आणि फ्यूम हूड. एसीच्या झोतात वजन करत बसू नका.

औषध सुटण्याची चाचणी 37 अंशांवर: जठरासारखं म्हणून दोन तास 0.1 नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात, मग पीएच 7.4 च्या फॉस्फेट बफरमध्ये. 6.8 वर थांबून ‘फेल’ लिहू नका, तिथं एस-100 नीट विरघळतच नाही. सुटलेलं औषध कळायला द्रावणातलं प्रकाशाचं शोषण 266 नॅनोमीटरच्या आसपास मोजा, कॅलिब्रेशन मात्र प्रत्येक माध्यमाचं वेगळं. आम्लातच बरंचसं औषध निसटलं, तर ते धाग्याच्या पृष्ठभागावर बसलंय. मग कोअ‍ॅक्सिअल सुई, म्हणजे एकात एक बसवलेल्या दोन नळ्यांची, घ्या, आतून औषध, बाहेरून नुसतं युड्रॅजिट.