सोलकढीच्या व्हिडिओतून इंग्रजी
इंग्रजी शिकायला रेसिपीचा व्हिडिओ निवडताना पदार्थ आपल्या हातचाच घ्या. मालवण-रत्नागिरीकडच्या घरात सोलकढी कशी होते हे पाठ असतं, त्यामुळे लक्ष कृतीत न अडकता भाषेवर राहतं. यूट्यूबवर वेग ०.७५ ठेवा, इंग्रजी सबटायटल्स लावा. (ती आपोआप उमटणारी असतील तर कोकमाचं काहीही होऊ शकतं, तिकडे दुर्लक्ष करा.)

खरा फायदा व्याकरणात आहे. कृती सांगताना वाक्य थेट क्रियापदाने सुरू होतं: ‘सोक द कोकम’, ‘ग्रेट द कोकोनट’. आपलं क्रियापद शेवटी येतं, म्हणून ही सवय जिभेला मुद्दाम लावावी लागते. ‘अ’ आणि ‘द’चा घोळही इथेच सुटतो. आधी ‘टेक अ कोकोनट’, मग तोच नारळ ‘द कोकोनट’. मराठीत असलं काही नसल्याने आपण नेमकं हेच गाळतो.

दुसऱ्यांदा आवाज बंद करून स्वतः बोला. सोलकढी झाली की तेच भूतकाळात सांगा: ‘आय सोक्ड’, ‘आय ग्रेटेड’. ‘कट’ आणि ‘पुट’ भूतकाळातही तसेच राहतात, ‘ग्राइंड’चं मात्र ‘ग्राउंड’ होतं. लाज वाटत असेल तर मिक्सर चालू असताना बोला, कुणाला ऐकूच जात नाही.