पट्टी दोनदा निघू नये म्हणून
मी बेळगावात अडत दुकानांसाठी प्रोग्राम लिहितो. खानापूरच्या काउंटरवरचा प्रोग्राम इथल्या सर्व्हरला हाक मारतो: 'पट्टी कर', म्हणजे शेतकऱ्याच्या मालाच्या हिशोबाचा कागद काढ. एकदा भर पावसात उत्तर येता येता लाइन गेली, काउंटरनं पुन्हा हाक मारली आणि रताळ्याच्या ४० पोत्यांची पट्टी दोनदा निघाली. शेतकरी मामा दोन्ही कागद हातात धरून उभे होते, खरा कोणता म्हणून विचारत.

तेव्हापासून प्रोटो फाइल (हाकेत काय पाठवायचं, उत्तरात काय यायचं ते लिहिलेली फाइल) उघडली की आधी विनंती क्रमांकाचं फील्ड, म्हणजे रकाना, लिहितो. तो क्रमांक काउंटरवरच तयार करायचा आणि पुन्हा हाक मारताना तोच पाठवायचा. सर्व्हरनं क्रमांक आणि पट्टी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे दोन्ही एकत्र नाहीतर एकही नाही अशी, नोंदवायची. क्रमांक ओळखीचा निघाला, तर जुनंच उत्तर परत द्यायचं.

वजन, दर, हमाली वेगवेगळ्या हाकांनी मागू नका, एकदमच मागा. प्रत्येक हाक नेटवर्कवरून जाऊन येते. डेडलाइन, म्हणजे उत्तराची वाट किती वेळ पाहायची ती मुदत, द्याच; या हाका पोचवणारी जीआरपीसी प्रणाली ती आपणहून लावत नाही. आणि डेडलाइन उलटली म्हणजे काम झालं नाही, असं धरू नका.

प्रोटोबफमध्ये, म्हणजे प्रोटो फाइलनुसार माहिती बांधून पाठवायच्या पद्धतीत, प्रत्येक फील्डला क्रमांक असतो; १ ते १५ फील्ड क्रमांकांचा टॅग (फील्डची ओळखखूण) एका बाइटात बसतो; ते रोजच्या फील्डना ठेवा. काढलेल्या फील्डचा क्रमांक रिझर्व्ह करा, म्हणजे तो चुकून दुसऱ्या फील्डला जाणार नाही. रक्कम रुपयांत नाही, पैशांत, पूर्णांकातच.