नागपूरहून कच्छ: पांढऱ्या रणाच्या पलीकडचे दगड बघायचे असतील तर

कच्छला जाऊन लोक फक्त पांढरं रण बघून काहून परत येतात, मले समजत नाही, खरा खजिना तं दगडात आहे.

जायचं डिसेंबर-जानेवारीत. नागपूरचा मे काढतो म्हणून तिथलं ऊन पण काढू असं समजू नका, इथं निदान कडुलिंबाखाली उभं राहता येतं, तिथं सावलीच नाही. अहमदाबादपर्यंत प्रेरणा एक्स्प्रेस आहे पण रोज नसते, पुढे भूज साधारण ३३० किमी. भूजमध्ये गाडी लोकल ड्रायव्हरसकट घ्या आणि टाकी तिथंच फुल करा.

पहिला दिवस कडिया ध्रोला, म्हणजे पाण्यानं कोरलेल्या दगडी घळीला द्या. शेवटचा रस्ता कच्चा, नेटवर्क गायब, आमचा मॅप मध्येच बंद पडला तेव्हा एका गुराख्यानं वाट दाखवली, म्हणून ऑफलाइन मॅप आणि माणशी चार लिटर पाणी ठेवाच. तिथला वालुकाश्म पाण्यानं कोरलाय, लोहामुळे लाल, पिवळे, जांभळट थर दिसतात, आणि निघोजला काळ्या बेसाल्ट दगडात आहेत ना तसेच रांजणखळगे, पुराच्या पाण्यात गोटे गरगर फिरून पडलेले. सकाळी लवकर किंवा चारनंतर बघा, दुपारी सगळे रंग फिके पडतात. पावसाळ्यात उतरू नका.

दुसऱ्या दिवशी खावडामार्गे धोलावीरा, दोन्हीकडे रण आणि मधून सरळ रस्ता. मुक्काम तिथंच करा. हडप्पाकालीन शहर (२०२१ पासून जागतिक वारसा) बघून पुढे वुड फॉसिल पार्कला जा, जुरासिक काळातली झाडं दगड होऊन पडलीत, जवळून बघितलं तं लाकडाच्या रेषा अजून कळतात. माझा तं पायच निघत नव्हता तिथून.

कच्छमध्ये कुठंकुठं शंखासारखं वेटोळं दगडात दिसेल, तो शंख नाही, अमोनाइट आहे, माकुळाच्या कुळातला समुद्री जीव, साधारण १६ कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे इथं समुद्र होता. आपल्या नागपूरच्या सेमिनरी हिल्सचा काळा दगड साडेसहा कोटींच्या आसपासचा, त्यापुढे तो लहानच म्हणायचा.

आणि हात जोडून सांगतो, एकही तुकडा खिशात घालू नका. कुठल्या थरात सापडला हे गेलं की अभ्यास करणाऱ्यांसाठी तो नुसता दगड उरतो. पोरगा हट्ट करत असेल तं दगडाशेजारी रुपयाचं नाणं ठेवून फोटो काढू द्या, आकारही कळतो. आमच्या मुलानं असे चाळीस फोटो काढले.